भिंगरीचे पडदे

माझ्या धाकट्या भावाला सगळे भिंगरी म्हणायचे. नाव आईने ठेवलेलं. चालायला लागल्यापासून तो सरळ असा कधी चाललाच नाही. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायचं म्हटलं तरी दोन गिरक्या घ्यायचा आणि वाटेत जे असेल ते पाडायचा. "पायाला भिंगरी आहे मेल्याच्या," आई म्हणायची. पुढे त्यातला पाय गळाला आणि नुसती भिंगरी राहिली.

मी त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा मी सोळाची होते. शाळा सोडली आणि पडदे शिवायला बसले. कपड्यांपेक्षा पडदे सोपे असं लोकांना वाटतं. पण कपडा अंगावर असतो, माणूस हलला की चूक झाकली जाते. पडदा जागचा हलत नाही. खालची दुमड एका बाजूला बोटभर उतरली, तर ती वीस वर्षं तशीच उतरलेली दिसते. कोणाच्या घरी असा पडदा दिसला की माझं गप्पांत लक्ष लागत नाही.

भिंगरी बुटांच्या दुकानात लागला. सहा वर्षं गिऱ्हाइकांच्या पायाशी बसून त्याने बूट चढवले आणि उतरवले. एकदा मी सहज म्हटलं, कंटाळा येत नाही का रे? तर म्हणाला, "ताई, तोंडाने माणूस काहीही सांगतो. पाय हातात घेतला की कळतं, याला नाचायचंय आणि हा नाचत नाहीये. निम्मं गाव तसं आहे."

सव्विसाव्या वर्षी त्याने नोकरी सोडली. नाचाचा क्लब काढायला एका बंद पडलेल्या छापखान्याचं तळघर भाड्याने घेतलं. जागा शाईच्या वासाची, छत इतकं खाली की उंच माणसाने उडी मारायची सोय नाही. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहायचे. पहिल्याच शनिवारी ते चप्पल हातात घेऊन खाली आले. तेव्हा भिंगरी माझ्याकडे धावत आला. "ताई, आवाज अडवेल असं काहीतरी शिव."

मी तीन थरांचे पडदे शिवले. बाहेरून मखमल, आत जुनी ब्लँकेटं, मागे जाड अस्तर. मखमल जांभळी होती, कारण एका दुकानात जांभळीच पडून राहिली होती, कोणी घेत नव्हतं. दांडे मी आणि भिंगरीने मिळून ठोकले. पुढच्या शनिवारी मास्तरांना काही ऐकू आलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी, काही ऐकू का येत नाही ते बघायला ते खाली आले आणि पाऊण तास थांबले.

क्लबचं नाव त्याने भिंगरी ठेवलं. दारात तो स्वतः उभा राहायचा. कोण आहेस, कोणाचा आहेस, असलं काही विचारायचा नाही. बुटांकडे बघायचा आणि आत सोडायचा. ड्यूटी संपवून आलेल्या नर्सा, बेकरीतले कामगार, वकील, एक सिनेमातला नट, सगळे एकाच रांगेत. त्या नटाला त्याने पाऊण तास थंडीत उभं केलं, हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, आणि तिसऱ्या दिवशी रांग कोपऱ्यावरून वळून पलीकडच्या रस्त्यावर गेली.

कोट सांभाळायला त्याने एक बाई ठेवली होती. तिला सगळे कोटवाली म्हणत. आधी ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात होती. चाळिशीची, जाड भिंगांचा चष्मा, आवाज असा की गाणं चालू असतानाही ऐकू जावा. नंबराचे बिल्ले वगैरे ती देत नसे. चेहरा बघायची आणि कोट काढून द्यायची. एकदा एका गृहस्थाने चुकून दुसऱ्याच कोटाकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "तो तुमचा नाही. तुमच्याच्या डाव्या खिशात खोकल्याच्या गोळ्या आहेत." माझी आणि तिची गट्टी जमली. दर मंगळवारी दुपारी मी पडद्यांची शिलाई तपासायला जायची, आणि रिकाम्या तळघरात, उलट्या ठेवलेल्या खुर्च्यांमधे बसून आम्ही चहा प्यायचो. तिचा नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. "दिवसभर थंड यंत्रांशी बोलतो, घरी आला की माझ्याशी बोलायला त्याच्याकडे काही उरत नाही," असं ती म्हणायची, पण त्याच्यासाठी डबा भरायला कधी चुकायची नाही.

तिची एक सवय होती. नव्या जागेत गेली की आधी सगळी दारं उघडून बघायची. हॉस्पिटलात अंगवळणी पडलेलं. "आत कसं यायचं ते कोणीही दाखवतं," ती म्हणायची. "बाहेर कसं पडायचं ते आपलं आपण बघून ठेवावं."

दोन वर्षांनी भागीदार आला. त्याची हॉटेलं होती. गोड बोलायचा आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. तो हात उचलला तरी वजन तिथेच राहायचं. त्याने भिंगरीला सांगितलं, एका तळघरात काय अडकून पडलास, हे प्रत्येक शहरात व्हायला हवं. आणि झालं. सहा वर्षांत आठ भिंगऱ्या झाल्या, पाच शहरांत. सगळीकडे तेच जांभळे पडदे, कारण लोक म्हणत, पडदा जांभळा नसेल तर ती भिंगरी नव्हेच. मी घरातलं मशीन सोडून कारखाना थाटला. अकरा बायका माझ्या हाताखाली होत्या. आईला उन्हाची स्वतंत्र खोली मिळाली. दुकानदार मला "भिंगरीच्या ताई" म्हणून खुर्ची द्यायचे, आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

भिंगरी मात्र बदलत गेला. तो वाईट झाला असं मी म्हणणार नाही, लांब गेला. प्रत्येक क्लबात वरच्या बाजूला काचेची खोली असायची. तो तिथून खाली बघायचा. दारात दुसरीच माणसं उभी राहू लागली आणि रांगा दोन झाल्या, एक लांब आणि एक आखूड. एका मंगळवारी मी त्याला विचारलं, शेवटचा नाचलास कधी? त्याने खरंच आठवून पाहिलं. मग हसला. "हलवायाने मिठाई खायची नसते, ताई."

आठवा क्लब आमच्याच शहरातल्या एका जुन्या शीतगृहात झाला. फळं साठवायची भली मोठी इमारत, एकही खिडकी नाही. भिंतींच्या आत थंडी राखायला भरलेला फोम होता, वरून पत्रा. "आयतीच आवाजबंद जागा," भागीदार खूश होता. पडदा तरीही हवाच होता. लांबच्या भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकतीस मीटर.

मी माप घ्यायला गेले. बाविसाव्या मीटरवर एक दार होतं, मागच्या गल्लीत उघडणारं. दारावर हिरवी पाटी, आत दिवा. मी म्हटलं, इथे पडदा तोडावा लागेल. भिंगरी म्हणाला, तोडलेला पडदा दिसायला बरा दिसत नाही. शेवटी मी मधला मार्ग काढला. दारासमोर दोन पडदे एकमेकांवर हातभर चढतील असे टांगायचे, म्हणजे दिसायला एकच, पण हात घातला की वाट. त्याला पटलं. कोटवाली आता इथे कामाला येणार होती, तिने उद्घाटनाच्या आठवडाभर आधी येऊन नेहमीप्रमाणे सगळी दारं बघितली. त्या फटीतून ती दोनदा बाहेर जाऊन आली. "हे छान केलंस," मला म्हणाली.

उद्घाटन शुक्रवारी होतं. बुधवारी दुपारी मी घरी जेवत होते. आई समोर बसली होती. भिंगरीचा फोन आला.

"ताई, ती फट शिवून टाक."

"दार आहे तिथे."

"माहीत आहे गं. फोटो काढणारा आलाय. फटीतून हिरवा उजेड येतो, सगळ्या फोटोंत मधोमध हिरवी रेघ. भागीदार डोकं खातोय. शिवाय पोरं त्या दाराने मित्रांना आत घेतील, असंही त्याचं म्हणणं आहे."

"आणि कोणाला बाहेर जायचं असलं तर?"

"पडदा उचलायचा आणि जायचं. पडदाच आहे, भिंत नाही."

"तो पडदा उचलायला दोन माणसं लागतात. खालच्या दुमडीत शिशाची साखळी घातलीय मी."

मग तो लहानपणी पतंगाला दोरा मागायचा त्या आवाजात म्हणाला, "ताई. उद्घाटनापुरतं. सोमवारी उसव. प्लीज."

मी हात धुतले. आई म्हणाली, "जेवून तरी जा." मी नाही जेवले.

शिडीवर उभी राहून मी वरून खाली शिवत आले. आधी कच्चेच टाके घातले होते, लांब लांब, ओढलं की सुटतील असे. भागीदार आला. त्याने दोन बोटांनी पडदा ताणला. टाक्यांमधून हिरवा उजेड दिसला. "हे असं नाही चालणार, ताई. तुमच्या हाताला शोभत नाही हे." तेवढं म्हणून तो गेला. आणि मी, कोणी बंदूक रोखली नव्हती, मी कच्चे टाके काढले, मेण लावलेला दोरा दुहेरी घेतला, आणि जवळजवळ टाके घालत जमिनीपर्यंत शिवलं. नीट शिवलं. माझ्या हाताला वाईट शिवता येत नाही, याचा मला तेव्हा अभिमानच वाटला असणार.

निघताना कोटवाली दारापाशी हँगर लावत होती. "चहा घेऊन जा," म्हणाली. मी बसले, चहा घेतला. तिच्या नवऱ्याच्या पाठदुखीबद्दल बोललो. त्या शिलाईबद्दल मी तिला काही बोलले नाही. डोक्यात आलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. डोक्यात आलं होतं. वाटलं, सोमवारी उसवायचंच आहे, उगाच हिच्या तोंडून चार शब्द कशाला ऐकून घ्या.

सोमवारी नवव्या क्लबचं कापड आलं. ते मोजण्यात दिवस गेला. पुढच्या सोमवारी मला ताप होता. त्याच्या पुढच्या सोमवारी मी भिंगरीला फोन केला, तो म्हणाला, "अगं हो, उसवायचंय, या आठवड्यात एक पाहुणे येतायत, ते जाऊ देत." त्यानंतर मी फोन केला नाही. असे सात आठवडे गेले.

एका रविवारी पहाटे माझ्या कारखान्यातल्या एकीने दार वाजवलं. तिच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. "ताई, शीतगृह जळलं," म्हणाली.

काय झालं ते पुढे कोर्टात तुकड्यातुकड्याने ऐकलं. दिव्यांची एक वायर भिंतीत तापली आणि आतला फोम धुमसत राहिला. धूर आधी छतातून उतरला. लोकांना वाटलं, गाण्याबरोबर सोडतात तोच धूर. काहींनी टाळ्या वाजवल्या. मग दिवे गेले. पुढचं दार जुन्या शीतगृहाचं, अरुंद बोळातून जाणारं. तिथे माणसांवर माणसं अडकली, तरी बरेच जण निघाले.

कोटवालीची जागा त्या बोळाच्या तोंडाशीच होती. ती चार पावलांत बाहेर पडली असती. एका वाचलेल्या मुलीने सांगितलं की ती उलट आत शिरली, तिच्या त्या आवाजात ओरडत. "माझ्या मागून या. इकडे दार आहे. मला माहीत आहे." आठ जण तिच्या मागून गेले. ती मुलगी पण जाणार होती, पण तिचा हात सुटला.

एकूण चौदा माणसं गेली. त्यांतली नऊ पडद्यापाशी सापडली, बाविसाव्या मीटरवर.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी घरी आला. दाढी वाढलेली, शर्ट दोन दिवसांचा, चुरगळलेला. आईने त्याला पोटाशी धरलं. मी स्टुलावर बसून होते. माझी बोटं तीन दिवस थांबत नव्हती, पदराचं टोक घेऊन ती आपली आपण दुमड घालत होती.

तो माझ्यासमोर जमिनीवर बसला, बुटांच्या दुकानात बसायचा तसा.

"ताई, चौकशीवाले तुला बोलावतील. भागीदाराच्या वकिलाने पेपरात सांगितलंय, सजावट सगळी माझी, त्याचा काही संबंध नाही."

"त्याचा संबंध आहे. त्याने माझ्यासमोर पडदा ताणून बघितला."

"तेच सांग. फक्त एवढंच कर, फोनही त्यानेच केला असं सांग. त्याने तुला परस्पर सांगितलं, मला माहीत नव्हतं."

"फोन तू केलास."

"त्याने करायला लावला म्हणून. मूळ त्याचंच ना?"

आई मधे पडली. "अर्धंच तर खोटं आहे गं. त्याने काय हौसेने केलं?"

"तू समोर बसली होतीस आई. तुला ऐकू येत होतं कोणाचा आवाज आहे ते."

"मला काही ऐकू आलं नाही," आई म्हणाली. आईचे कान आजही सुईचा आवाज ऐकतात.

भिंगरीने माझे हात धरले, बोटं थांबवली. "मला आत टाकतील, ताई. त्याला नाही टाकणार. त्याला कधीच नाही टाकणार. मला."

"मलाही टाकतील."

"तुला का? तू सांगितलेलं काम केलंस."

त्याला खरंच तसं वाटत होतं. तेव्हा मला त्याची फार दया आली आणि त्याच वेळी तो माझ्या घरातून जावा असंही वाटलं. मी म्हटलं, "ती पुढच्या दारापाशी होती रे. कोटवाली. ती आत गेली. कारण तिला दार माहीत होतं." त्याने माझे हात सोडले. थोड्या वेळाने उठला आणि आईच्या पाया पडून गेला. माझ्याकडे न बघता गेला.

चौकशी अधिकारी तरुण होता, सर्दी झालेला. त्याने टेबलावर एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. आत पडद्याचा वीतभर तुकडा होता, काळा पडलेला, तरी कडेला जांभळा ओळखू येत होता. "ही शिलाई तुमची आहे का?"

मी पिशवीवरूनच बोट फिरवलं. टाके जसेच्या तसे होते. एकही सुटला नव्हता. शेजारचं कापड फाटलं होतं, तिन्ही थर, हाताने ओढून ओढून फाटलेलं, आणि टाके मात्र तसेच.

"माझी आहे," मी म्हटलं.

"कोणाच्या सांगण्यावरून?"

त्याने मान वर केली नाही, लिहायच्या तयारीत होता. बाहेर कोणीतरी पंख्याला तेल लावा म्हणून ओरडत होतं. मी सगळं सांगितलं. फोन भावाचा होता. पडदा ताणून भागीदाराने बघितला. कच्चे टाके मी काढले आणि पक्के मी घातले. सोमवारी उसवायचे होते, उसवले नाहीत. ज्या बाईला सांगायला हवं होतं तिच्याबरोबर चहा प्यायले आणि सांगितलं नाही. त्याने शेवटचं वाक्य लिहिलं नाही. मी म्हटलं, तेही लिहा. तो म्हणाला, त्याची गरज नाही. मी म्हटलं, लिहा.

कोर्टात भागीदाराने सांगितलं की तो कापडाचा पोत बघत होता. भिंगरीला सहा वर्षांची शिक्षा झाली. मला दहा महिने. भागीदाराला एक वर्ष, आणि त्यावर त्याने केलेलं अपील अजून चालू आहे. निकाल वाचत असताना भिंगरी पिंजऱ्यात अगदी सरळ उभा होता. त्याला इतका वेळ एका जागी उभं मी पहिल्यांदा बघितलं.

आत जायच्या आधी मला एक काम करावं लागलं. बाकीच्या सात क्लबांतले पडदे काढायचा हुकूम निघाला होता. दुसऱ्या कोणाला पाठवलं असतं तर चाललं असतं, पण मी गेले. सगळीकडे दिवसा, पांढरे दिवे लावून. दिवसाउजेडी ती जागा बघवत नाही. जमिनीवर चिकटलेल्या च्युइंगमचे काळे ठिपके, भिंतीला ओल, कोपऱ्यात उंदराचं औषध. पाच ठिकाणी पडद्यामागे दारं ठीक होती. एके ठिकाणी दारासमोर खोक्यांची थप्पी होती. आणि एके ठिकाणी कुलूप, किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नव्हतं. तिथला मॅनेजर माझ्यावरच चिडला. "तुमच्यामुळे आमच्या नोकऱ्या गेल्या." मी त्याला कुलूप दाखवलं. तो म्हणाला, "इथे काही झालं होतं का? नाही ना?"

क्लब एकेक करून मिटले. दोन सरकारने बंद केले. तीन ठिकाणी गिऱ्हाईकच राहिलं नाही. दोन भागीदाराने विकले, नव्या मालकांनी नावं बदलली आणि भिंती पांढऱ्या केल्या. छापखान्याच्या तळघरात आता टायर ठेवतात. आम्ही केस लढत असतानाच तिथल्या मास्तरांचं निधन झालं, हे मला उशिरा कळलं. माझ्या कारखान्यातल्या बायका पांगल्या. कोणी गाद्यांच्या कारखान्यात गेली, कोणी घरी बसली. त्यातली एक मला रस्त्यात भेटली की अजून फूटपाथ बदलते.

दहा महिन्यांनी मी घरी आले. आई माझ्याशी बोलत नव्हती. ताट वाढायची, माझ्या औषधाच्या वेळा सांभाळायची, पण बोलायची भिंतीशी. "कोणीतरी दूध तापवा." "कोणाला तरी पत्र आलंय." आजारी पडले तेव्हा माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत भिंतीला म्हणाली, "ताप उतरतोय वाटतं." हसू यायचं आणि रडूही. साडेतीन वर्षं आमचं घर असं चाललं. मी घरातल्या घरात उशांचे अभ्रे शिवायला लागले. पडदे पुन्हा घेतले नाहीत.

भिंगरी साडेचार वर्षांनी सुटला. केस पांढरे, खांदे उतरलेले. जेवताना ताट हाताने कवेत घेऊन जेवायचा. दोन दिवस कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना आई भिंतीला म्हणाली, "कोणीतरी याला अजून वाढा." त्याने ताटातून मान वर केली.

"आई, कोणीतरी काय? ताईला सांग ना."

आईने पोळी त्याच्या ताटात टाकली.

"फोन मीच केला होता आई. तू समोर होतीस."

"होते ना," आई म्हणाली. "म्हणूनच बोलवत नाही मला. मी तिला खोटं सांगायला लावत होते. तिच्या तोंडाकडे कशी बघू?"

एवढी वर्षं मला वाटत होतं, ती माझ्यावर रागावली आहे. मी वाढायचा डाव तिथेच ठेवला आणि आत जाऊन बसले. थोड्या वेळाने आई आली, खाटेच्या कडेला टेकली, आणि म्हणाली, "अभ्र्याला दोरा कमी पडत होता तुझा. आणायला हवा." थेट मला म्हणाली. त्याउप्पर काही नाही.

भिंगरीला एका गोदामात खोकी मोजायचं काम मिळालं. एका रविवारी तो माझ्या मशीनजवळ येऊन उभा राहिला. "तिचा नवरा अजून तिथेच असतो का?" कोणाचा ते विचारायची गरज नव्हती.

आम्ही दोघं गेलो. फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं तसंच होतं. तो एका उघड्या फ्रिजच्या मागे वाकून नळी जोडत होता. आम्हाला ओळखायला त्याला वेळ लागला नाही. उठला, हात फडक्याला पुसले, पण बसा म्हणाला नाही. भिंगरीने बोलायला सुरुवात केली, दोन वाक्यं बोलून माझ्याकडे बघितलं. मी पुढे बोलले. शिलाई कोणाची, फोन कोणाचा, आणि तो चहा. चहाचं त्याने कधी ऐकलं नव्हतं. कोर्टात ते कोणी विचारलंच नव्हतं.

"माझ्या पाठीबद्दल बोलत होतात?" त्याने विचारलं.

"हो."

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, ऐकत नाहीत, जड फ्रिज एकटेच उचलतात."

त्याने मान हलवली. बराच वेळ फडकं घडी करत राहिला, मग उलगडून पुन्हा घडी केली. फ्रिजमधला छोटा दिवा लागला, विझला, लागला. त्याने तो हाताने बंद केला.

"आलात ते बरं केलंत," तो म्हणाला. "मला कोणीतरी येईल असं वाटायचं. पाच वर्षं कोणी आलं नाही. आता आलात. पण पुन्हा येऊ नका. मला तुम्हाला माफबिफ करायचं नाही. ते माझ्याच्याने होणार नाही, आणि रोज त्याचा विचार करायलाही मला वेळ नाही."

तो परत फ्रिजमागे वाकला. आम्ही निघालो.

बसथांब्यावर ऊन होतं. बाकावर एकच जागा होती, तिथे मला बसवून भिंगरी उभा राहिला. दोन बसा भरून गेल्या. तो म्हणाला, "आई जेवली असेल का गं?"

"नाही," मी म्हटलं. "थांबली असेल."